एकतीस चिठ्ठ्या

शब-ए-बरात होऊन दोन दिवस झाले होते. शाळा सुटल्यावर नववीतली एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. मला वाटलं, घरचा हलवा आणला असेल. झाकण उघडलं तर आत चिठ्ठ्या. वहीच्या पानाचे चार-चार तुकडे करून लिहिलेल्या, काही उर्दूत, काही मराठीत, आणि दोन-तीन तर जीन्सच्या कोऱ्या लेबलांच्या मागे. तिचे वडील उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात शिलाईला आहेत.

"टीचर, एकतीस झाल्या. आता यातून भाषण काढून द्या."

मुलीचं नाव इथे लिहीत नाही. वर्गातल्या बाकीच्या तिला चिडवतील.

२०२५ ची २८ फेब्रुवारी, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिन, शुक्रवारी येत होती. अंबरनाथमधल्या काही शाळांनी मिळून वक्तृत्व स्पर्धा ठेवली होती. विषय होता, संगणकाच्या सुरुवातीच्या काळातल्या एका शास्त्रज्ञाची ओळख. वेळ पाच मिनिटं, भाषा मराठी. मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. आमची मुलं मराठी चांगली लिहितात, पण व्यासपीठावर मराठीत बोलायचं म्हटलं की त्यांचे पाय थरथरतात. चुकलो तर लोक मलाच नाही, सगळ्यांनाच हसतील, असं त्यांना वाटतं. हे 'सगळे' म्हणजे कोण, ते त्यांना सांगावं लागत नाही आणि मलाही.

मी त्याच वेळी तिला भाषण लिहून दिलं असतं. पूर्वी देतच होते. पण मागचा एक प्रसंग आहे. तो आजवर कुणाला सांगितलेला नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेत आठवीतला एक मुलगा मी उभा केला होता. भाषण माझं. त्यात एक वाक्य होतं की कॉम्प्युटरचा शोध बाराशे वर्षांपूर्वी एका मुसलमान शास्त्रज्ञाने लावला. कुणीतरी मोबाइलवर पाठवलेला मजकूर होता, मला आवडला, मी घातला. मुलगा छान बोलला. टाळ्या पडल्या. मग परीक्षकांनी अगदी प्रेमाने विचारलं, "बाळ, ते यंत्र कसं होतं? याविषयी तू कुठे वाचलंस?" मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी पर्समध्ये काहीतरी शोधू लागले.

परतताना लोकलमध्ये तो म्हणाला, "टीचर, ते सर खोटं बोलत होते ना?"

मी 'हो' म्हणाले.

त्यानंतर तो कुठल्याच स्पर्धेला उभा राहिला नाही. शाळेतून गेला, मोठा झाला. परीक्षकांचा त्यात काही दोष नव्हता, मुलाचा तर नव्हताच.

म्हणून त्या दिवशी मी डबा मिटला आणि मुलीला म्हटलं, "बेटा, उद्या असरनंतर ये. आणि प्रत्येक चिठ्ठीच्या मागे लिहून आण, हे तुला कुठे मिळालं. ज्याच्या मागे काही लिहिता येणार नाही ती चिठ्ठी घरी ठेव."

तिला ते जाचक वाटलं असावं. मी विचारलं, "हदीस कशी सांगतात? नुसती सांगतात का?" ती मदरशात शिकलेली आहे, लगेच म्हणाली, "सनद असते. याने त्याच्याकडून ऐकलं, त्याने त्याच्याकडून." मी म्हटलं, बस, तेवढंच करायचं आहे. आपल्या मोहद्दिसांनी एकेक रावी तपासण्यासाठी महिनोन्‌महिने प्रवास केले. आपल्याला फक्त चिठ्ठी उलटून एक ओळ लिहायची आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. चार्ल्स बॅबेजच्या चार, एडा लव्हलेसच्या तीन, अमेरिकेतल्या एनिआक यंत्राच्या तीन, आपल्या विजय भटकरांच्या 'परम'च्या दोन. नऊ अल्-ख्वारिज्मीच्या. आणि दहा एका अशा माणसाच्या, ज्याचं नाव मीही फारसं ऐकलं नव्हतं: आर. नरसिंहन.

बॅबेज आणि एडा लवकर बाजूला गेले. त्यांच्यावर दर वर्षी पाच मुलं बोलतात, परीक्षकांनाही पाठ झालं असेल. एडाची एक चिठ्ठी टाकताना मात्र मला वाईट वाटलं. तिने १८४३ साली बॅबेजच्या यंत्रावरच्या एका लेखाचं भाषांतर केलं आणि शेवटी स्वतःची टिपणं जोडली. ती टिपणं मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट झाली, आणि जगाने लेख विसरून टिपणंच लक्षात ठेवली. एकतीस चिठ्ठ्या घेऊन बसलेल्या मुलीला हे सांगायला हवं होतं, म्हणून सांगितलं, पण भाषणात घेतलं नाही. भटकरांचा 'परम' १९९१ चा, पुण्याच्या सी-डॅकमध्ये तयार झालेला. मोठंच काम, पण विषय सुरुवातीच्या काळाचा होता.

उरले दोघे. नऊ आणि दहा.

मुलीचा जीव अल्-ख्वारिज्मीत अडकला होता. आणि का अडकू नये? नवव्या शतकातलं बगदाद, खलिफा अल्-मामूनचा काळ, बैतुल हिकमा. त्यांच्या 'अल्-जब्र' या शब्दावरून 'अल्जेब्रा' आला. भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा यावर त्यांनी पुस्तक लिहिलं, त्याचं बाराव्या शतकात लॅटिन भाषांतर झालं आणि लेखकाच्या नावाचा लॅटिन उच्चार होता होता 'अल्गोरिदम' हा शब्द तयार झाला. हे सगळं सनदीसह होतं. नऊपैकी सहा चिठ्ठ्यांच्या मागे तिने पुस्तकाचं किंवा कोशाचं नाव लिहिलं होतं. उरलेल्या तिघींच्या मागे लिहिलं होतं, 'मामूंच्या मोबाइलवर'. त्यातली एक वाचून माझे हात थंड पडले. तेच वाक्य. बाराशे वर्षांपूर्वी, एका मुसलमान शास्त्रज्ञाने, कॉम्प्युटर. इतक्या वर्षांत त्यातला एक शब्दही बदलला नव्हता.

मी ती फाडली नाही. तिच्याच हातात दिली आणि विचारलं, "यंत्र कसं होतं?"

ती बराच वेळ चिठ्ठीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "टीचर, यंत्र नव्हतंच. रीत होती. आधी हे करा, मग ते करा, अशी. कॉम्प्युटरही तसंच चालतो, म्हणून त्या रीतीला त्यांचं नाव." आणि चिठ्ठी स्वतःच डब्याखाली सरकवली.

त्या मुलाला मी हा प्रश्न वेळेवर विचारला असता, तर त्यालाही हे सुचलं असतं.

तरीही तिने विचारलंच, "पण टीचर, आपल्यातलं कुणी का नको? नरसिंहन तर आपले नाहीत."

खरं आहे. १९२६ साली मद्रासला जन्मलेले, तिथेच गिंडीच्या कॉलेजात इंजिनिअर झालेले, अमेरिकेत शिकून गणितात डॉक्टरेट घेऊन आलेले. ते मुसलमान नव्हते, मराठीही नव्हते. पण १९५४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ते मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. होमी भाभांची ती संस्था आता कुलाब्याच्या टोकाला आहे. अंबरनाथहून लोकलने सीएसएमटी आणि पुढे बेस्टची बस. भारतात बनलेला पहिला मोठा संगणक या रस्त्याच्या शेवटाला तयार झाला, आणि आमच्या वर्गातल्या एकाही मुलाला ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मी तिला म्हटलं, "ज्या लाईनवर आपण रोज लटकून जातो, त्याच लाईनच्या टोकाचा माणूस आहे. आणखी किती आपला हवा?" ती हसली. पटलं की माझा मान राखला, ते अल्लाह जाणे.

मग दहा चिठ्ठ्यांवर आम्ही तीन दिवस बसलो.

पहिली अडचण 'पहिला' या शब्दाची. एका चिठ्ठीवर तिने लिहिलं होतं, 'भारतातला पहिला कॉम्प्युटर'. दुसऱ्या चिठ्ठीवर, तिच्याच अक्षरात, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत विलायतेहून आणलेला संगणक याआधीच बसला होता, असं होतं. दोन्ही शेजारी ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं. कोलकात्याचा आणलेला, मुंबईचा बनवलेला. एका क्रियापदाचा फरक. मराठीच्या तासाला मी क्रियापद शिकवते तेव्हा या मुली जांभया देतात. त्या दिवशी तिने 'बनवलेला' खाली दोन रेघा ओढल्या.

दुसरी अडचण आकड्यांची. सुमारे २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रेझिस्टर. तिला तिन्ही आकडे हवे होते, कारण मोठे आकडे ऐकून लोक गप्प होतात. मी विचारलं, "व्हॉल्व्ह पाहिलास का?" नव्हता पाहिला. माझ्या नानांच्या रेडिओत होते. बटण फिरवलं की आधी आतला काचेचा दिवा लाल व्हायचा, मग बऱ्याच वेळाने आवाज यायचा. तसे सत्तावीसशे दिवे एका यंत्रात, सगळे तापणारे, आणि त्यातला कुठला गेला ते शोधत बसायचं. दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांनी उल्हासनगरच्या एका भंगारवाल्याकडून तसा एक व्हॉल्व्ह आणून दिला. तो हातात आल्यावर डायोड आणि रेझिस्टरची चिठ्ठी तिने आपणहून परत डब्यात टाकली.

तिसरी चिठ्ठी मला सगळ्यांत आवडली. त्या संगणकाची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. तसबीहच्या मण्याहून कितीतरी लहान कडी, तारांत ओवलेली, आणि एकेका कडीत फक्त 'हो' किंवा 'नाही'. एका शब्दाला चाळीस कड्या, असे २,०४८ शब्द. मुलीने वहीत गुणाकार केला, ८१,९२० कड्या. एवढ्यात मावणार किती? दहा किलोबाइट. आज आपण ईदला मोबाइलवर जो एक फोटो पाठवतो, त्याला अशी दोनशेहून जास्त यंत्रं लागतील. हा हिशेब तिचा, माझा नाही. मी फक्त तपासला, दोनदा.

एका चिठ्ठीवरून मात्र आमचं जुंपलं. छोटं, प्रायोगिक यंत्र १९५६ साली चाललं. पूर्ण यंत्र १९६० च्या फेब्रुवारीत सुरू झालं. जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी संस्थेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला आल्यावर त्याचं 'टिफ्रॅक' असं नाव ठेवलं. इथपर्यंत सगळं गोड. पण तोवर परदेशात ट्रान्झिस्टरचे संगणक आले होते, टिफ्रॅक जुना पडला होता, आणि १९६४ साली त्याच संस्थेत अमेरिकेहून सीडीसी ३६०० आणावा लागला. मुलीला ही चिठ्ठी नको होती. "टीचर, एवढी मेहनत केली आणि शेवटी बाहेरूनच आणलं, असं कशाला सांगायचं? लोक म्हणतील, मग उपयोग काय झाला?"

मी म्हटलं ठेव. ती म्हणाली नको. मी मोठ्या आवाजात बोलले, ते मला नंतर लागलं. भाषण तिचं होतं. शेवटी मी म्हटलं, ठीक आहे, तूच ठरव, पण झोपण्यापूर्वी तुझ्या अब्बूंना विचार की पहिली जीन्स शिवली ती कशी झाली होती.

सकाळी ती चिठ्ठी नेहरूंच्या चिठ्ठीच्या खाली टाचणीने लावलेली होती. अब्बूंनी काय सांगितलं ते तिने मला सांगितलं नाही, पण चिठ्ठीच्या शेवटी एक वाक्य वाढलं होतं: ज्यांनी टिफ्रॅक बनवला त्यांच्यापैकी बहुतेकांनी तोवर दुसरा संगणक वापरलेलाही नव्हता, आणि नवा आला तेव्हा तो उघडून समजून घेणारी माणसं आपल्याकडे तयार होती. वाक्य लांब आहे, व्यासपीठावर दम लागतो. राहू दिलं.

नरसिंहन यांचे सन्मान, १९७७ ची पद्मश्री, कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचं पहिलं अध्यक्षपद, हे सगळं एका चिठ्ठीत बसवलं. पुरस्कारांची यादी वाचताना श्रोते चहाकडे बघतात. माझ्या आवडीची एक चिठ्ठी मात्र मीच काढली. पुढच्या आयुष्यात नरसिंहन यांनी लहान मूल भाषा कशी शिकतं याचा अभ्यास केला. यंत्राला चित्र कसं ओळखता येईल यावर वर्षानुवर्षं काम केलेला माणूस शेवटी मुलाच्या बोलण्याकडे वळला. भाषेच्या शिक्षिकेला यावर तासभर बोलता येईल. पण पाच मिनिटांत ते नुसतं उल्लेख करून सोडून द्यावं लागलं असतं, आणि मुलीला त्यातलं काही सांगता आलं नसतं. कुणी विचारलं असतं तर ती माझ्याकडे बघितली असती. म्हणून नको.

अल्-ख्वारिज्मींच्या नऊ चिठ्ठ्यांमधून एकच वाक्य भाषणात गेलं. 'अल्गोरिदम' हा शब्द कुठून आला, आणि त्या बगदादच्या आलिमने आपल्या पुस्तकात हे अंक भारतीयांचे आहेत असं मान्य केलं होतं. तेवढंच.

एकतीसपैकी नऊ चिठ्ठ्या उरल्या. पाठांतर करायला मी मनाई केली. नऊ चिठ्ठ्या क्रमाने हातात ठेव आणि बोल, म्हटलं.

स्पर्धेच्या दिवशी जुम्याची नमाज असल्याने आमच्या मुलांना लवकर बोलू द्यावं, अशी विनंती मी आधीच केली होती. आयोजकांनी मान्य केली, उलट एका सरांनी विचारलं, "रमजान उद्यापासून की परवापासून?" मी म्हटलं, चंद्र दिसला की सांगते. मुलगी तिसऱ्या क्रमांकाला उभी राहिली. खिशातून व्हॉल्व्ह काढून वर धरला आणि म्हणाली, "असे दोन हजार सातशे." मागच्या बाकांवरची मुलं उठून बघू लागली. मधे एकदा 'संशोधन'ऐवजी 'संशोधण' झालं. कुणी हसलं नाही.

परीक्षकांनी विचारलं, "म्हणजे हा भारतातला पहिला संगणक, बरोबर ना?"

तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. "नाही सर. भारतात बनवलेला पहिला मोठा संगणक. भारतात आणलेला त्याआधी कोलकात्याला होता." परीक्षकांनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. तिला उत्तेजनार्थ मिळालं. पहिलं बक्षीस एडावर बोललेल्या मुलीला मिळालं, आणि ती खरंच छान बोलली होती.

पुढचं मला रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात कळलं. इफ्तारला तिच्या घरी गेले होते. तिची दादी रायगड जिल्ह्यातल्या एका गावची, माहेरी भाऊ आहेत. मगरिबनंतर मुलीने हौसेने डबा काढला आणि भाषणात न गेलेल्या बावीस चिठ्ठ्या दादीला वाचून दाखवू लागली. बॅबेज, एनिआक, दादी हूं हूं करत खजूर निवडत होत्या. मग अल्-ख्वारिज्मींची एक चिठ्ठी आली. 'अल्-जब्र'चा मोठा भाग मीरासच्या हिशेबांचा आहे, असं त्यात होतं. उदाहरणही तिने उतरवून घेतलं होतं. एक बाई वारली, मागे नवरा, एक मुलगा आणि तीन मुली. वसिय्यत बाजूला काढली की उरलेल्याचे वीस भाग करायचे. नवऱ्याला पाच, मुलाला सहा, प्रत्येक मुलीला तीन.

दादींचा हात थांबला. "मुलींचे पण लिहिलेत?"

"हो दादी. तिघींचे नऊ."

"पुस्तक किती जुनं म्हणालीस?"

"बाराशे वर्षं."

दादी काही वेळ गप्प बसल्या. मग माझ्याकडे वळून सांगू लागल्या. वडील गेले, आई आधीच गेली होती. दोन भाऊ आणि ह्या एकट्या. घर आणि मागची वाडी मिळून पंधरा गुंठे. चाळिसावं झालं आणि भावांनी हक्कसोडच्या कागदावर अंगठा मागितला. "आम्ही तुला दर ईदला साडी पाठवू म्हणाले. पाठवतात हां. खोटं कशाला बोलू." तेव्हा कुणी त्यांना हिस्सा किती ते सांगितलंही नव्हतं. सूरह निसा त्यांना पाठ आहे, दर रमजानला वाचतात, पण अंगठा द्यायच्या वेळी ती आयत आणि तो कागद शेजारी ठेवून कुणी दाखवला नाही.

मुलगी उठली आणि पेन घेऊन आली. भावांचे दोन-दोन, दादीचा एक, पाच भाग झाले. पंधरा गुंठ्यांचे पाच. तिने ते लिहायला कागद शोधला, तो मिळाला नाही, तेव्हा डब्यातली एक चिठ्ठी उलटी केली. १२,५०० रेझिस्टरवाली होती ती. मागे लिहिलं, 'दादी – ३ गुंठे'.

तिच्या अब्बूंनी एकदा चिठ्ठीकडे आणि एकदा आपल्या आईकडे पाहिलं. मामांशी संबंध चांगले आहेत, लग्नकार्यात जाणंयेणं आहे. कुणीच काही बोललं नाही. इशाची अजान झाली आणि ते तरावीहसाठी उठले.

दादींनी चिठ्ठी मागून घेतली. वाचता येत नाही त्यांना मराठी, पण आकडा ओळखता येतो. तीनच्या आकड्यावर बोट ठेवून त्यांनी मुलीला विचारलं, "हा बरोबर आहे ना? तपासलास?"

"दोनदा, दादी."

त्यांनी चिठ्ठीची घडी घातली आणि बटव्यात ठेवली.